चातुर्मासातील ओली वस्त्रे आणि फ्लॅटमधील ड्रायर



आषाढ शुद्ध चतुर्दशीपासून चातुर्मास सुरू होतो. साधू-साध्वीजींचा विहार थांबतो, स्थानकांत आणि मंदिरांत प्रवचनांची वर्दळ वाढते, घराघरांतून एकासणी, आयंबिल, उपवास यांची गणना सुरू होते. तपाच्या या दिवसांत गृहिणीच्या वाट्याला आणखी एक तप येते. त्याचे पच्चक्खाण कोणी देत नाही आणि पारणेही कोणी करवीत नाही. ते म्हणजे ओले कपडे वाळविण्याचे तप.

बीडच्या जुन्या पेठांतील वाड्यांना माळवद होते, ओसरी होती, चौक होता. पावसाने थोडी उघडीप दिली की कपडे माळवदावर जात आणि ढग दाटले की ओसरीत येत. आता आपण फ्लॅटमध्ये राहू लागलो. गच्ची सामाईक, तिच्यावर पाण्याच्या टाक्या, सौरऊर्जेचे पत्रे आणि दाराला कुलूप. बिल्डर ज्या जागेला ‘ड्राय बाल्कनी’ म्हणतो, ती श्रावण-भाद्रपदात घरातील सर्वांत ओली जागा असते. त्यातच आपल्या भागाचा पाऊस असा, की जून-जुलैत डोळ्यांत पाणी आणतो आणि भाद्रपदात, ऐन पर्युषण आणि दशलक्षण पर्वात, जोर धरतो.

गेल्या वर्षी आमच्या घरी असेच झाले. पर्युषणापूर्वी सासूबाईंचे सामायिकाचे ऊनी आसन धुतले. चार दिवस पाऊस थांबला नाही. दिवाणखान्यातील दोरीवर चादरी, शर्ट, पंचे यांच्या गर्दीत ते आसन कोपऱ्यात लटकत राहिले. वरून कोरडे लागले म्हणून घडी करून कपाटात ठेवले. संवत्सरीच्या सकाळी घडी उलगडली, तेव्हा आतल्या बाजूस बुरशीचे काळसर ठिपके होते. सासूबाई काही बोलल्या नाहीत. आसन त्यांनी हलक्या हाताने बाजूला ठेवले आणि दुसरे मागून घेतले. सायंकाळी प्रतिक्रमणात त्यांचे डोळे पाणावले होते, ते कशामुळे हे घरातील सर्वांना समजले.

त्यानंतर मुंबईच्या नणंदबाईंनी सुचविले, “एक ड्रायर घेऊन टाका. आमच्याकडे आहे, दोन-तीन तासांत कपडे कोरडे.” सूनबाईंना ते पटले. सासूबाई म्हणाल्या, “यंत्र म्हणजे तेउकायाचा आणि वाउकायाचा आरंभ. एक हिंसा टाळायला दुसरी विकत आणायची का?” दोघींच्याही म्हणण्यात तथ्य होते. म्हणून निर्णयाआधी विषय नीट समजून घेण्याचे ठरले. तो अभ्यास अनेक कुटुंबांना उपयोगी पडेल, या हेतूने हा लेखनप्रपंच.

शास्त्राची दृष्टी

ओल्या वस्त्राचा प्रश्न आपल्या शास्त्रकारांना अपरिचित नव्हता. दशवैकालिक सूत्राच्या आठव्या अध्ययनात ज्या आठ सूक्ष्मांची जाणीव ठेवण्यास सांगितले आहे, त्यांत ‘पनक’ म्हणजे बुरशी आहे. कल्पसूत्राच्या समाचारी विभागात वर्षावासाचे नियम सांगताना याच आठ सूक्ष्मांचे विवरण येते. पनक पाच वर्णांचे असते आणि ज्या वस्तूवर ते वाढते, त्या वस्तूच्याच रंगाचे असू शकते, असे तेथे म्हटले आहे. पांढऱ्या वस्त्रावरील पांढरी बुरशी डोळ्यांना दिसत नाही, हे ज्या गृहिणीने अनुभवले आहे, तिला या निरीक्षणाची सूक्ष्मता वेगळी सांगावी लागणार नाही.

त्याच समाचारीत आणखी एक नियम आहे. साधूने वस्त्र, पात्र किंवा कांबळे वाळत घातले असेल, तर त्याकडे लक्ष ठेवण्यास दुसऱ्या कोणाला सांगितल्यावाचून त्याने गोचरीला जाऊ नये. म्हणजे वाळत घातलेली वस्तू ही सोडून दिलेली वस्तू नव्हे. ती वाळेपर्यंत तिची जबाबदारी आपली. हा नियम साधूंसाठी असला, तरी त्यातील यतना श्रावकालाही दिशा दाखविते. वस्त्र लवकर वाळावे, पूर्ण वाळावे आणि वाळेपर्यंत त्यावर लक्ष असावे.

यंत्राचा विचार याच कसोटीवर करायचा. यंत्रात विजेचा आरंभ आहे, वाऱ्याचा आहे आणि निष्काळजीपणा झाला तर त्रसजीवांच्या विराधनेचाही संभव आहे. दुसऱ्या बाजूला, दोन-तीन दिवस दमट राहिलेल्या कपड्यांत अनंत जीवांची उत्पत्ती आहे आणि वृद्धांच्या व बालकांच्या छातीला त्रास आहे. गृहस्थाला पूर्ण निवृत्ती शक्य नसते; मात्र कमी आरंभाचा मार्ग शोधणे त्याच्या हाती असते.

‘ड्रायर’ शब्दाचा घोळ

दुकानात गेल्यावर पहिली अडचण शब्दाची येते. दोन टबांच्या सेमी-ऑटोमॅटिक यंत्रातील फिरणाऱ्या छोट्या टबाला आपल्याकडे सर्रास ‘ड्रायर’ म्हणतात. तो कपडे वाळवीत नाही, पिळतो. खरा ड्रायर कपडे गरम हवेत फिरवून त्यांतील पाण्याची वाफ करतो. ही वाफ कोठे जाते, यावरून त्याचे प्रकार पडतात.

जुन्या पद्धतीच्या ड्रायरमध्ये दमट हवा जाड नळीतून घराबाहेर सोडतात. त्यासाठी भिंतीला किंवा खिडकीला भोक हवे. फ्लॅटमध्ये ते सहसा शक्य नसते आणि सोसायटीही परवानगी देत नाही. नळी न लावता असे यंत्र चालविले, तर सारी वाफ घरातच राहते आणि भिंतींना ओल धरते. म्हणून फ्लॅटसाठी विचार करायचा तो बिननळीच्या यंत्रांचा. यात वाफ आतल्या आत थंड होऊन तिचे पुन्हा पाणी होते आणि ते टाकीत साठते किंवा मोरीत जाते. बाजारात अशी तीन प्रकारची यंत्रे मिळतात.

पहिला प्रकार साध्या कंडेन्सर ड्रायरचा. विजेच्या तारेने हवा तापते, कपड्यांतून फिरते आणि खोलीतील हवेच्या साह्याने थंड होते. कपडे लवकर वाळतात, परंतु कापडाला उष्णता जास्त सोसावी लागते आणि खोलीही तापते. सात-आठ किलोच्या पूर्ण भरण्याला साधारण चार ते साडेचार युनिट वीज लागते.

दुसरा प्रकार हीट पंप ड्रायरचा. यात फ्रिजसारखा कंप्रेसर असतो. त्याची थंड बाजू वाफेचे पाणी करते आणि त्या वेळी मिळालेली उष्णता गरम बाजूकडून पुन्हा हवेला दिली जाते. तीच उष्णता फिरून फिरून वापरली जाते. तेवढ्याच कपड्यांना सुमारे दीड ते दोन युनिट पुरतात. हवा कमी तापत असल्याने सुती कापड जास्त टिकते. वेळ मात्र दोन ते तीन तास लागतो आणि किंमत सर्वांत अधिक असते.

तिसरा प्रकार धुणे आणि वाळविणे एकाच यंत्रात करणाऱ्या वॉशर-ड्रायरचा. जागा वाचते म्हणून विक्रेते फ्लॅटवाल्यांना हेच प्रथम दाखवितात. येथे दोन गोष्टी विचारून घ्याव्यात. एक, धुण्याची आणि वाळविण्याची क्षमता सारखी नसते. आठ किलो धुणारे यंत्र बहुधा पाचच किलो वाळविते, म्हणजे काही कपडे बाहेर काढावे लागतात. दुसरी गोष्ट आपल्या जिल्ह्यासाठी अधिक महत्त्वाची आहे. यांतील अनेक यंत्रे वाफ थंड करण्यासाठी नळाचे थंड पाणी आत सोडतात आणि ते सरळ मोरीत वाहून जाते. कपडे कोरडे करण्यासाठी पाणी खर्च होते, हे ऐकून सासूबाईंनी दोनदा खात्री करून घेतली.

आधी पाणी, मग वीज, मग किंमत

मुंबईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. आपल्या बीड जिल्ह्याची सरासरी सातशेच्या आत आहे. बीड शहराला बिंदुसरा आणि माजलगाव या धरणांचे पाणी मिळते. तरीही नळ किती दिवसांनी येतो, हे बीडकरांना विचारायला नको. २०१६ च्या एप्रिलमध्ये शेजारच्या लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, ही आठवण अजून ताजी आहे. अशा प्रदेशात नणंदबाईंचा सल्ला जसाच्या तसा लागू करता येत नाही.

हिशेब करून पाहू. चातुर्मासाच्या चार महिन्यांत यंत्र चाळीस वेळा वापरले आणि पाणी सोडणाऱ्या वॉशर-ड्रायरला एका वाळवणीस ४० लिटर लागले असे धरले, तर १,६०० लिटर पाणी केवळ वाफ थंड करण्यात गेले. आपल्या पूर्वजांनी पाणी गाळून, मोजून वापरण्याची शिकवण दिली. अप्कायाच्या एका थेंबात असंख्य जीव मानणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे यंत्र बीडमध्ये घेणे योग्य नव्हे. शिवाय बोअरचे पाणी जड. त्याचे क्षार यंत्रात साठतात ते वेगळेच. काही नवी वॉशर-ड्रायर यंत्रे पाण्याविना वाफ थंड करतात. म्हणून ‘वाळविताना नळाचे पाणी लागते का?’ हा प्रश्न स्पष्ट विचारावा आणि उत्तर माहितीपुस्तिकेत दाखविण्यास सांगावे.

याउलट हीट पंप आणि साधा कंडेन्सर ड्रायर यांना नळजोड लागतच नाही. उलट प्रत्येक भरण्यामागे दोन-तीन लिटर पाणी टाकीत जमा होते. ते पिण्याचे नाही, कारण त्यात कापडाचे तंतू असतात. फरशी पुसायला किंवा स्वच्छतागृहात मात्र चालते.

आता वीज. एक लिटर पाण्याची वाफ करायला सुमारे दोन-तृतीयांश युनिट उष्णता लागतेच. निसर्गाचा हा नियम कोणत्याही कंपनीला चुकत नाही. फरक इतकाच, की सूर्य ती फुकट देतो, तापणारी तार ती पूर्ण विकत घेते आणि हीट पंप एकदा घेतलेली पुन्हा वापरतो. चाळीस भरण्यांना साध्या कंडेन्सरमध्ये सुमारे १७० युनिट, तर हीट पंपमध्ये सुमारे ८० युनिट लागतील. दहा रुपये दराने फरक नऊशे रुपयांचा. एवढ्याने यंत्राची जास्तीची किंमत लवकर वसूल होणार नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. तरीही आमचा कल हीट पंपाकडे झुकला, त्याचे कारण पैशाचे नव्हते.

परळीचे औष्णिक वीज केंद्र आपल्याच जिल्ह्यात आहे. कोळसा जाळून तेथे वीज तयार होते आणि त्यासाठी पाणीही लागते. २०१३ च्या फेब्रुवारीत दुष्काळामुळे पाणी न उरल्याने हे केंद्र बंद ठेवावे लागले होते. एका युनिटमागे अर्ध्या किलोहून अधिक कोळसा जळतो. म्हणजे बटण दाबताना आपण परळीतील अग्नी आणि गोदावरी खोऱ्यातील पाणी, दोन्ही वापरीत असतो. नव्वद युनिट कमी लागणे म्हणजे तेवढा आरंभ कमी होणे. इतर देशही याच निष्कर्षाला आले आहेत. स्वित्झर्लंडने २०१२ पासून नव्या विक्रीसाठी हीट पंपाचेच ड्रायर ठेवले आणि युरोपीय संघाच्या १ जुलै २०२५ पासूनच्या नियमांत तारेने तापणारी यंत्रे बसत नाहीत. त्यांचे कारण हवामानाचे, आपले अहिंसेचे. हिशेब मात्र एकच आला.

यंत्र घेण्यापूर्वी करून पाहावे असे काही

ड्रायर ही पहिली पायरी नव्हे, शेवटची आहे. तिच्याआधीच्या तीन पायऱ्या बिनखर्चाच्या किंवा अल्पखर्चाच्या आहेत.

पहिली, नीट पिळणे. मिनिटाला ८०० फेऱ्यांनी पिळलेल्या पाच किलो सुती कपड्यांत सुमारे साडेतीन लिटर पाणी उरते. १,४०० फेऱ्यांनी पिळले तर अडीच. तो एक लिटर पिळून काढायला नगण्य वीज लागते, उष्णतेने काढायला मात्र पुष्कळ. घरच्या वजनकाट्यावर कोरडे आणि पिळलेले कपडे तोलून पाहावेत. दुसऱ्यांदा पिळल्याने किती फरक पडतो, ते लगेच कळते.

दुसरी, पंखा. साधा छताचा पंखा बारा तासांत पाऊण ते एक युनिट घेतो, नवा बीएलडीसी पंखा त्याच्या निम्म्याहूनही कमी. कपड्यांत चार बोटांचे अंतर ठेवून स्टँड पंख्याखाली ठेवला, तर उघडीप असलेल्या दिवशी यंत्राची गरज उरत नाही. ‘पंखा मंद आरंभाचा, ड्रायर तीव्र आरंभाचा’ असे सासूबाईंनी याचे वर्गीकरण केले. ते आम्हांला मान्य झाले.

तिसरी, डीह्युमिडिफायर. संततधार पावसात हवाच दमट असल्याने पंखा हतबल होतो. अशा वेळी बंद खोलीतील हवेची ओल शोषून तिचे पाणी करणारे हे यंत्र उपयोगी पडते. आठ तासांत सुमारे दोन युनिट लागतात, कपडे उलटसुलट फिरत नाहीत, भिंती आणि कपाटेही कोरडी राहतात आणि किंमत ड्रायरहून बरीच कमी असते. दोन-तीन माणसांच्या घराला एवढे पुरेसे ठरू शकते.

याहीआधी एक पायरी आहे आणि ती आपल्या चौदा नियमांत सांगितलेली आहे : वस्त्रांची मर्यादा. दिवसाला किती वस्त्रे वापरायची हे सकाळी धारले, तर धुणेच कमी होते. मात्र जेथे मोठे कुटुंब आहे, तान्हे बाळ किंवा अंथरुणाला खिळलेले वडीलधारे आहेत, अष्टमी-चतुर्दशीला धुणे टाळल्याने दुसऱ्या दिवशी दुप्पट ढीग पडतो आणि गच्चीही बंद आहे, तेथे ड्रायर ही चैन नव्हे. अशा घराने संकोच बाळगू नये.

निवडताना आणि वापरताना

जागा आधी मोजावी. यंत्र साधारण दोन फूट रुंद व तितकेच खोल असते. दाराची चौकट आणि जिन्याचे वळण यांचेही माप घ्यावे. पुढून दार असलेल्या धुलाई यंत्रावर योग्य स्टँड लावून ड्रायर ठेवता येतो, वरून झाकण असलेल्यावर नाही. पावसाचे शिंतोडे येणारी किंवा पूर्ण बंद बाल्कनी दोन्ही अयोग्य. हवा खेळती हवी. अर्थिंग असलेला १६ अँपिअरचा स्वतंत्र सॉकेट हवा. घरच्या बॅटरीच्या इन्व्हर्टरवर हे यंत्र चालवू नये. वीज गेली आणि लवकर येण्याची चिन्हे नसली, तर कपडे गरम ढिगात न ठेवता बाहेर काढून पसरावेत. दुरुस्ती करणारा बीडमध्ये येतो की छत्रपती संभाजीनगरहून बोलवावा लागतो, हे पैसे देण्यापूर्वी विचारावे.

प्रत्येक वापरानंतर जाळीवरील तंतू काढावेत. ते साचले की वेळ आणि वीज वाढते. साध्या कंडेन्सरमध्ये आगीचाही धोका असतो. आतील थंड भागाची स्वच्छता पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे करावी. रेशीम, जरी, पैठणी, ऊन यांत घालू नये. तेल किंवा तूप सांडलेले कापड नीट धुतल्याशिवाय आत जाता कामा नये.

आणि यतना. पावसाळ्यात कपड्यांच्या घडीत, बाहीत, खिशात लहान कीटक बसलेले असतात. यंत्राखाली आणि दाराच्या फटीत पाल, मुंग्या आसरा घेतात. म्हणून प्रत्येक वस्त्र उलगडून, हलके झटकून, उजेडात पाहूनच आत घालावे. ड्रम रोज पुंजून घ्यावा, काम झाल्यावर पूर्ण कोरडा पुसून दार लावावे. रात्री दिव्याभोवती जीव जमतात; शक्यतो दिवसाच यंत्र लावावे. ही पाहणी कोणतेही यंत्र करू शकत नाही. ती हातांचीच आहे.

आमच्या घरचा निर्णय

सहा माणसे, बंद गच्ची आणि सासूबाईंचा दमा, हे सर्व तोलून आम्ही हीट पंपाचा ड्रायर घेतला. सासूबाईंची अट होती, तिला नियमाचे रूप दिले : आषाढी चतुर्दशी ते कार्तिकी पौर्णिमा एवढ्याच काळात, आठवड्यातून तीनदाच, तेही पाऊस असेल तर. उरलेले आठ महिने बीडचे ऊन आहेच. त्याच्यासारखा ड्रायर कोणत्याही कारखान्यात तयार होत नाही.

एक गोष्ट खरेदीनंतर उमगली. ज्या ऊनी आसनापासून हा सारा विचार सुरू झाला, ते आसन यंत्रात घालताच येत नाही, आकसून जाईल. प्रथम वाटले, मग आपण मिळविले काय? परंतु चादरी, पंचे आणि मुलांचे जाड कपडे यंत्रात गेल्यावर दिवाणखान्यातील दोरी रिकामी झाली. यंदा आसन पंख्याखाली एकटे, मोकळे पसरले होते. त्याशेजारी मुहपत्त्या आणि सासऱ्यांचा पूजेचा धोतर-दुपट्टा. दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी आसनाच्या चारही कोपऱ्यांना हात लावून पाहिला, उलटून पाहिला, मगच घडी केली.

आता यंत्राजवळून जाताना त्या सूनबाईंना रोज एकच प्रश्न विचारतात, “झटकून पाहिलेस ना?” सूनबाईंचे उत्तरही ठरलेले असते, “हो, आई.”

या लेखात जिनाज्ञेविरुद्ध काही लिहिले गेले असल्यास मिच्छामि दुक्कडम्.